हिरड्यातनं रक्त येतंय, सासूबाई म्हणतात उष्णता आहे ब्रश बंद कर. काय करू?

काजूबोंड:
नमस्कार मंडळी. विषय दातांचा आहे, कंटाळवाणा वाटेल, पण दोन महिने डोक्याला भुंगा लागलाय म्हणून लिहितेय. मी ३२ वर्षांची, देवगडपासून आत एका वाडीत राहते, मुलगी दहा महिन्यांची आहे. सकाळी ब्रश करून थुंकलं की बेसिनमधे गुलाबी पाणी. आधी एखाद दिवस व्हायचं, मग रोजच. परवा कैरीची फोड तिखटमीठ लावून चावली तर फोडीवर रक्ताचा डाग, तिथे मात्र घाबरले. दुखत काहीच नाही. खालच्या पुढच्या दातांमधल्या हिरड्या फुगल्यासारख्या आणि चकचकीत दिसतात आणि सकाळी तोंडाला वास येतो असं नवरा म्हणाला (दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही ते वेगळं).

दिवस गेले होते तेव्हा सातव्या महिन्यात पण रक्त यायचं, सगळ्या म्हणाल्या बाळंत झालीस की जाईल. थोडं कमी झालं, पण गेलं नाही, मग बाळाच्या गडबडीत माझं लक्षच गेलं नाही.

सासूबाईंचं म्हणणं ही उष्णता आहे, आंबे फणस खाऊन होते, नी ब्रशने हिरड्या सोलतात म्हणून ब्रश बंद कर नी बोटाने मशेरी लाव. त्या स्वतः चाळीस वर्षं लावतायत आणि त्यांच्या हिरडीतनं आयुष्यात कधी रक्त आलं नाही म्हणतात. ते खरंही आहे. पण त्यांचे खालचे पुढचे दोन दात पडलेत नी तिसरा हलतोय, वय ५८. ते त्या वयावर ढकलतात.

मशेरी मी लावणार नाही, बाळ अंगावर पितंय. पण ब्रश मात्र तीन आठवडे बंद केलाय, बोटाने पेस्ट फिरवते. रक्त कमी दिसतंय पण सूज वाढलीय असं वाटतं. सध्या आंब्याचा सीझन, पेट्या भरायला माणसं येतात, कणकवलीला दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. पावसाळा लागेपर्यंत थांबलं तर चालेल का? आणि हे खरंच उष्णतेनं होतं का?

खाडीकाठचा:
उष्णताच आहे ताई. सब्जा भिजवून घ्या, धनेजिऱ्याचं पाणी घ्या, आठ दिवसात फरक पडेल. आणि व्हिटॅमिन सी कमी पडलं की हिरड्यातून रक्त येतं हे तर शाळेत शिकलोय, लिंबाची फोड घेऊन हिरड्यांवर चोळा. माझी आजी हेच करायची.

मालवणी_गजाली:
माझ्या आवशीचा पन ह्याच. मशेरी लावल्याशिवाय ती चाय घेयना नाय. पन्नाशीत पुढचे दात गेले. तुझ्या सासूक सांग, रक्त येना नाय म्हनजे दात बरे असा नाय.

दातवाली_ताई:
वरच्या मालवणी माणसाने एका ओळीत सांगितलं ते सांगायला आम्ही चार वर्षं बीडीएस करतो 🙂 रत्नागिरीच्या बाजूला प्रॅक्टिस करते, म्हणून थोडं लांबलचक लिहिते, काजूबोंड तुला तू म्हणते चालेल ना.

आधी सगळ्यात महत्त्वाचं, ब्रश आजपासून सुरू कर. रक्त येतंय म्हणून ब्रश बंद करणं म्हणजे जखमेतनं घाण निघते म्हणून जखम धुणं बंद करण्यासारखं आहे. मऊ केसांचा, सॉफ्ट लिहिलेला ब्रश घे. सुरवातीचे चारपाच दिवस रक्त जास्त येईल, घाबरू नकोस.

आता का होतं ते. दात कितीही घासले तरी काही तासात त्यावर जंतूंचा एक पातळ चिकट थर बसायला लागतो, नखाने खरवडलं तर पांढरट लगदा येतो तोच, त्याला प्लाक म्हणतात. हिरडी आणि दात यांच्या मधे जी बारीकशी फट असते तिच्या तोंडाशी हा थर बसून राहिला की त्यातल्या जंतूंच्या विषारी द्रव्यांना उत्तर म्हणून शरीर तिथे पांढऱ्या पेशी पाठवतं, त्या जागच्या रक्तवाहिन्या फुगतात, पाणी साठतं, नी फटीच्या आतलं अस्तर पातळ होऊन त्याला बारीक बारीक जखमा होतात. मग ब्रशचा एक केस लागला तरी रक्त. म्हणजे रक्त ब्रशमुळे येत नाही, ब्रश फक्त ते दाखवतो. हे कुणाच्या मनचं नाही, १९६५ साली डेन्मार्कमधे हॅराल्ड ल्यो नावाच्या संशोधकाने निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दोनतीन आठवड्यात बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या, आणि परत घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. त्यांनी फणस खाल्ला नव्हता. तू तीन आठवडे ब्रश बंद ठेवून तोच प्रयोग देवगडात केलास.

आणि बोटाने पेस्ट लावताना रक्त कमी दिसतं कारण बोट त्या फटीपर्यंत पोचतच नाही. सूज मात्र वाढतेय हे तू स्वतःच लिहिलंस.

हा थर काढला नाही की लाळेतल्या कॅल्शियम फॉस्फेटने तो टणक होतो, तेच किटण. खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते जास्त बसतं कारण लाळेच्या नळ्या तिथे उघडतात. तुझी सूज नेमकी खालच्या पुढच्या दातांत आहे, म्हणजे आरशात जीभ उचलून दातांच्या मागे बघ, पिवळट भिंत दिसेल. किटण ब्रशने निघत नाही, ते दातांच्या डॉक्टरकडूनच काढून घ्यावं लागतं. किटण स्वतः तेवढं वाईट नाही खरं तर, पण ते खडबडीत असतं नी त्यावर नवा थर घट्ट बसतो.

लक्षणं कशी ओळखायची तेही सांगते कारण लोक फक्त रंग बघतात. पुस्तकात लिहिलंय निरोगी हिरडी फिकट गुलाबी. आपल्याकडे कितीतरी जणांच्या हिरड्या जन्मापासून काळसर तपकिरी असतात, तो त्वचेचाच रंग आहे, आजार नाही, त्याला घासघासून गोरं करायला जाऊ नये. तेव्हा रंगापेक्षा कड बघायची. बऱ्या हिरडीची कड सुरीच्या पात्यासारखी बारीक, दोन दातांच्या मधलं टोक त्रिकोणी नी घट्ट, आणि पुष्कळ जणांच्या हिरडीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे असतात. सुजली की कड जाड गोल होते, मधलं टोक फुगून बोंडासारखं दिसतं, खळगे जाऊन ती गुळगुळीत चकाकते. तू चकचकीत लिहिलंस तेव्हाच मला कळलं. वास, हात लावल्यावर रक्त, सकाळी उशीवर लाळेत तांबूसपणा, हे पुढचं. दुखणं बहुतेकदा नसतंच नी म्हणून माणसं उशिरा येतात. खूप दुखत असेल, दातांमधली हिरडी कुरतडल्यासारखी दिसत असेल, वर करडी साय नी भयंकर वास असेल तर तो वेगळा प्रकार, त्याला थांबायचंच नाही. अक्कलदाढेवरची हिरडी सुजून तोंड उघडेनासं झालं तर तेही तसंच.

दिवस गेले असताना हार्मोन वाढल्यामुळे हिरड्या त्याच थराला जास्तच चिडतात, सहसा दुसऱ्या महिन्यापासून सुरू होऊन आठव्यापर्यंत वाढतं, मग बाळंतपणानंतर उतरतं. पण उतरतं ते हार्मोनमुळे वाढलेलं, थर आणि किटण तिथेच राहतं. तुझं तेच झालेलं दिसतंय. तरी एकदा शुगर तपासून घे, बाळंतपणानंतर तपासायलाच हवी आणि डायबेटिस असला की हिरड्या लवकर बिघडतात.

खाडीकाठचा, व्हिटॅमिन सीचं खोटं नाही हो, स्कर्व्हीत हिरड्या सुजून रक्त येतंच, १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारातल्या स्कॉटिश डॉक्टरने १२ आजारी खलाशांवर प्रयोग केला त्यात संत्री नी लिंबं मिळालेले दोघं सगळ्यात लवकर बरे झाले. (दोन्ही प्रयोगांत माणसं बाराच, गंमत आहे.) पण ते खलाशी महिनोन्महिने ताजं फळ न बघितलेले. देवगडात मे महिन्यात स्कर्व्ही व्हायला माणसाला खूपच मेहनत घ्यावी लागेल. लिंबू खा, चोळू नका, आम्लाने दाताचं कवच झिजतं. कोकम सरबत प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये तेही त्याचसाठी, साधी चूळ भरायची नी अर्धा तास थांबायचं.

आणि पावसाळ्यापर्यंत थांबू का म्हणालीस. नुसत्या हिरडीच्या सुजेत हाड शाबूत असतं, ती पूर्ण बरी होते. पण काहींच्यात हे आत उतरतं, दात धरून ठेवणारं हाड झिजतं नी ते परत भरून येत नाही. बाहेरून बघून दोन्ही सारखंच दिसू शकतं, त्यासाठी बारीक खुणा असलेली सळई फटीत घालून खोली मोजावी लागते. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, ४ किंवा जास्त लागली तर एक्सरे काढून हाड बघायचं. म्हणून एक दिवस काढच. आंबे नवरा भरेल.

हर्णैचा_म्हातारा:
ताईंनी सगळं छान लिहिलंय, मी फक्त आपल्याकडची एक गोष्ट सांगतो. मला मागच्या वर्षी एकाच दाढेजवळ हिरडी टम्म सुजली, बाकी तोंड एकदम बरं, मी पंधरा दिवस मिठाच्या गुळण्या, लवंगेचं तेल (तेलाने गाल भाजला तो वेगळाच त्रास), मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या आणि शेवटी गेलो तर डॉक्टरने चिमट्याने तारलीचा काटा काढून हातावर ठेवला, पाऊण इंच असेल. दोन दिवसात सूज गेली. बायकोने तो काटा कागदात बांधून ठेवलाय, पाहुणे आले की दाखवते. तेव्हा एकाच जागी सूज असेल तर आधी आठवा काय खाल्लं होतं. रायवळ आंबा चोखला की त्याचे धागे पण असेच अडकतात, ते टाचणीने काढायला जाऊ नका, माझा भाऊ गेला होता.

रात्रपाळी:
मी रोज सातआठ सिगरेटी ओढतो, दात एकदाच घासतो तेही घाईत, हिरड्यातून थेंबभर रक्त येत नाही. मग तुमचा तो प्रयोग मला का लागू पडत नाही 😄

दातवाली_ताई:
रात्रपाळी, पडतो की. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून सिगरेट ओढणाऱ्यांत रक्त कमी येतं नी सूजही तेवढी लाल दिसत नाही. आतलं हाड मात्र ओढणाऱ्यांचंच जास्त झिजतं. म्हणजे घराला आग लागलीय आणि तुम्ही धूर दाखवणारी खिडकी बंद केलीय. सिगरेट सोडल्यावर काहीजण तक्रार घेऊन येतात की डॉक्टर आता रक्त यायला लागलं, आधी बरा होतो!

मशेरी पण तंबाखूच, तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली. तिने हिरडी बधिर झाल्यासारखी होते नी बाईला वाटतं दात घट्ट झाले. काजूबोंड, तुझ्या सासूबाईंना रक्त येत नाही ही मला काळजीची गोष्ट वाटते, कौतुकाची नाही. ५८ व्या वर्षी पुढचे दात हलणं हे वयाने होत नाही. त्यांनाही घेऊन जा. ओठाच्या आत किंवा गालात पांढरा चट्टा असेल जो पुसून जात नाही, किंवा दोनतीन आठवड्यात न भरणारी जखम, तर दाखवायलाच हवं.

घाटावरून_खाली:
माझे वडील बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन घेतात, सहा महिन्यांत त्यांच्या हिरड्या दातांवर चढल्यासारख्या वाढल्यात, रक्त फार नाही. हे पण किटणच का?

दातवाली_ताई:
घाटावरून_खाली, गोळीमुळे असू शकतं. अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिन, फिटची फेनिटॉइन, किडनी बदललेल्यांची सायक्लोस्पोरिन, यांनी काहीजणांच्या हिरड्या वाढतात. दात स्वच्छ असतील तर कमी वाढतात. गोळी मनाने बंद करायची नाही, बीपीच्या डॉक्टरांना सांगा, दुसरी गोळी असते. रक्त पातळ करायच्या गोळ्यांचंही तेच, हिरडीतनं रक्त दिसलं म्हणून हार्टची गोळी थांबवणारे लोक मी बघितलेत, कृपा करून नका करू.

अजून एक लिहायचं राहिलं, पावसाळा येतोच आहे म्हणून. ताप, अंगदुखी आणि सोबत हिरड्यातून आपोआप रक्त, अंगावर लाल ठिपके, हे असेल तर दातांच्या डॉक्टरकडे नाही, थेट सरकारी दवाखान्यात जायचं, डेंग्यू असू शकतो. दोडामार्ग बाजूला २०१६ पासून गोचिडीतून पसरणारा माकडताप आहे, तो काजूच्या सीझनमधे जास्त, त्यातही हिरड्या नाकातून रक्त येतं. आणि काही न लागता रक्त येतंय, अंगावर निळे डाग पडतायत, थकवा खूप आहे असं असेल तर साधी रक्ततपासणी लगेच करा, क्वचित रक्ताच्या कॅन्सरची सुरवात हिरडीपासून कळते. हे वाचून काजूबोंडने घाबरायचं नाही, तुझं चित्र साधं आहे.

खाडीकाठचा:
बरं बाबा, लिंबू मागे घेतो. सब्जा मात्र घ्या, उन्हाळ्याला चांगला.

काजूबोंड:
बारा दिवसांनी लिहितेय, सॉरी, पेट्या चालू होत्या. जाऊन आले. ताई तुम्ही लिहिलेलं जसंच्या तसं झालं, आरशात जीभ उचलून बघितलं तर दातांमागे गिलावा केल्यासारखा पिवळा थर, इतकी वर्षं मी तिकडे बघितलंच नव्हतं. डॉक्टरने सळई फिरवून आकडे बोलले नी असिस्टंट लिहीत होती, दोन तीन दोन तीन तीन, मी मनात म्हणतेय ठीक चाललंय आणि वरच्या उजव्या दाढेपाशी आल्यावर म्हणाले पाच. तिथे एक्सरेमधे हाड जरासं खाली गेलंय. बाकी सगळीकडे नुसती सूज. शुगर नॉर्मल आली.

दोन वेळा बोलावून साफ केलं. शेजारणीने घाबरवलं होतं की मशीनने दात ढिले होतात, तसं काही नाही, पण किटण गेल्यावर दातांमधे फटी लागतात जिभेला, नी चार दिवस थंड पाणी शिवशिवलं. डॉक्टर म्हणाले फटी आधीपासून होत्या, किटणाने बुजलेल्या. क्लोरहेक्सिडिनची चूळ दिलीय दोनच आठवडे, जास्त दिवस वापरली तर दातांवर तपकिरी डाग पडतात म्हणे, नी पेस्टनंतर अर्धा तास सोडून घ्यायची. ब्रश दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरका धरायचा हे शिकवलं, ३२ वर्षं मी आडवं करवतीसारखं घासत होते. पहिले चार दिवस रक्त आलं, कालपासून पाणी पांढरं. नवऱ्याला मुद्दाम बेसिन दाखवलं.

आता सासूबाई. त्या फक्त बाळाला धरायला आल्या होत्या, डॉक्टरनी हसत हसत बसवलं खुर्चीत. तो हलता दात राहील असं वाटत नाही म्हणाले, हाड फारच कमी उरलंय. आणि खालच्या ओठाच्या आत, मशेरी जिथे ठेवतात बरोबर तिथे, पांढरा चट्टा निघाला. मशेरी बंद करा नी दोन आठवड्यांनी या, नाही गेला तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू असं सांगितलंय. गाडीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणाल्या, ते सगळं खरं असेल, पण मशेरी सोडली तर सकाळी पोट साफ कसं होणार?

याचं उत्तर मला देता आलं नाही. कोणाच्या घरी कोणी मशेरी सोडलीय का? सकाळचं काय केलं?

दातवाली_ताई:
हा प्रश्न मला प्रत्येक दुसरी बाई विचारते. निकोटिनने आतडी हलतात हे खरं आहे, म्हणून सुरवातीला बद्धकोष्ठ होतं, दोनतीन आठवडे, मग शरीर सवय बदलतं. तोवर उठल्या उठल्या गरम पाणी, रात्री इसबगोल, जेवणात भाजी जास्त. तलफ येते तेव्हा ती काही मिनिटंच टिकते, तेवढा वेळ हाताला काम द्या. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही फुकट फोनलाइन आहे, त्यांना तू लावून दे, त्या स्वतःहून लावणार नाहीत. आणि दोन आठवड्यांची तारीख कॅलेंडरवर लिही, ती चुकवू नकोस. चट्टा बऱ्याचदा सोडल्यावर कमी होतो.

मालवणी_गजाली:
माझ्या आवशीन सोडल्यान, तीन वर्सां झाली. सकाळी गरम पानी नी दोन पिकी केळी, नी मशेरीच्या डब्यात तिना बडीशेप भरून ठेवल्यान, कारन डबो हातात नसलो तर तिका करमना नाय. पयले पंदरा दिवस घरातला कोन तिच्या वाटेक जायना नाय. तुमी पन तेवढे दिवस जरा सांबाळून ऱ्हवा.